मजुरी धरलीत का?

अहो वहिनी, झाली का भांडी? या जरा इकडे भिंतीपाशी. तुम्ही आठवडाभर पुण्याला होतात, इथं काय रामायण घडलं तुम्हाला पत्ताच नाही. त्या कोपऱ्यावरच्या घरातली सून आहे ना, लांबसडक केसांची? तिची सासू साऱ्या आळीत सांगत फिरायची: सून आळशी आहे, दुपारी लोळते, चार पायऱ्या चढली की बसकण मारते. आता तीच सासू तोंडाला कुलूप लावून बसलीय. सुनेचं हिमोग्लोबिन निघालं 7.8!

लॅबवाल्यानं नाही हो काढलं. शाळेतल्या पोरींनी काढलं, नववीतल्या. तुमचे चिरंजीव ज्या शाळेत यंदा घातलेत ना, त्याच शाळेतल्या. गुरुवारी दुपारी टेबल टाकून बसल्या होत्या समाजमंदिरात, शाळेतल्या मावशींनी सगळ्या बायकांना गोळा केलं. मीही गेले. बोट कापसानं पुसलं, टच्‌कन सुई टोचली. प्रत्येकीला नवी सुई हं, वापरलेली लगेच वेगळ्या डब्यात, त्याबाबत त्यांच्या बाई फार कडक. मग बारीक काचेच्या नळीनं रक्त ओढून घेतलं, तेही अगदी खुणेपर्यंत. खुणेच्या वर गेलं तर पोरगी पुसून परत घेत होती. दुसऱ्या नळीत पातळ अ‍ॅसिड होतं, त्यात ते सोडलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसली. मी म्हटलं, अगं झालं ना? तर म्हणते, काकू, दहा मिनिटं थांबायचं असतं, रंग पुरता बदलायला पाहिजे. तो होतो काळपट तपकिरी. नळीच्या दोन्ही बाजूंना तशाच रंगाच्या काचा असतात. आपल्या नळीत एकेक थेंब पाणी घालत ढवळत जायचं, रंग काचेशी जुळला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. एवढंच. पण त्या एवढ्याशात त्या पोरीनं तीनदा नळी उजेडाकडे धरून बघितली आणि मैत्रिणीला विचारलं, तुला किती दिसतं? दोघींचं जुळलं तेव्हाच वहीत लिहिलं.

माझं? माझं 10.4. बाईला 12 तरी पाहिजे म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, हे त्या पोरींनी तिथं तक्त्यावर लिहिलंच होतं. त्या सुनेचा आकडा बघून मात्र पोरी जरा घाबरल्या, बाईंना बोलावून आणलं. बाईंनी तिला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, उद्याच ग्रामीण रुग्णालयात जा, हे नक्की करून घ्या. कुणाला बोलायचं नाही असं पोरींना शिकवलेलं असतं, त्या बोलल्याही नाहीत. सासूबाईच ओरडल्या, सात म्हणजे काय गं, सात म्हणजे काय! मग काय, समाजमंदिरभर झालं. दवाखान्यातल्या मशीनवर 8.2 आलं. म्हणजे पोरींचा आकडा फार चुकला नव्हता. गोळ्या सुरू झाल्यात, जेवणावर लगेच चहा बंद, आणि सासूबाई स्वतः लिंबू पिळून पालेभाजी वाढतात म्हणे. बघू किती दिवस टिकतं.

तर तुम्ही मागे विचारत होतात ना, आठवड्यातला अख्खा एक दिवस पोरं वर्गात का नसतात, ते हे. पोरं त्याला मल्टिस्किल म्हणतात. आमच्या माहेरी त्याला आयबीटी म्हणायचे, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. माझं माहेर केंदूरचं, पाबळच्या शेजारचं, त्यामुळे ही गोष्ट मला शाळेच्या माहितीपत्रकातून नाही कळली. कालबाग सर म्हणून होते. अमेरिकेत पीएचडी केलेले, मुंबईला हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर. ते सगळं सोडून 1983 साली पाबळला आले आणि विज्ञान आश्रम काढला. तुम्ही आमचा तो भाग बघितलाय का? पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. आमच्याकडची माणसं पोटासाठी मुंबईला जायची, आणि हे मुंबईहून तिथं राहायला आले, बायकोला घेऊन. लोकांना वाटलं, काहीतरी भानगड असणार.

भानगड एवढीच होती की त्यांचं म्हणणं असं, पोर हातानं काम करताना जे शिकतं ते डोक्यात बसतं, आणि हे नुसतं नापास पोरांसाठी नाही, सगळ्यांसाठी पाहिजे, नेहमीच्या शाळेतच पाहिजे. आठवी ते दहावी, आठवड्याला एक दिवस. एक भाग लोखंडकाम-बांधकामाचा, एक वीज आणि ऊर्जेचा, एक शेती आणि जनावरांचा, एक घर आणि आरोग्याचा. शिकवायला गावातलेच हातात कसब असलेले लोक. 1987 साली बोर्डानं तो दहावीचा विषय म्हणून धरला. पुढे 2002 मध्ये त्याच पाबळला अमेरिकेतल्या एमआयटीनं फॅबलॅब, म्हणजे वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा, उभी केली, त्यांच्या बाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. कालबाग सर 2003 साली गेले, पण आश्रम चालू आहे, आणि आपल्यासारख्या कितीतरी गावांच्या शाळांतून तो गुरुवार चालू आहे. कुठं शुक्रवार असेल.

नाहीतर आपल्या वेळचा कार्यानुभव आठवा. आठवतोय ना? परीक्षेच्या आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानात रांग. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, रेडिमेड. लोकरीचा पोपट, रेडिमेड. एकीनं आणलेला पोपट बाईंनी तपासून परत दिला की तोच पोपट खालच्या वर्गात तिच्या बहिणीच्या नावावर. त्या पोपटाला मार्क मात्र दरवर्षी पैकीच्या पैकी. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याला नई तालीम मांडली, कर्मवीर भाऊरावांनी पोरांना कमवून शिकायला लावलं, आणि आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा झाला लोकरीचा पोपट.

इथं तसं चालत नाही, कारण इथं गिऱ्हाईक असतं. आमचं फाटक बघा. बिजागरी तुटून फाटक लोंबत होतं. वेल्डर मिळेना, लग्नसराई चालू. आमच्या ह्यांनी शाळेत निरोप दिला. गुरुवारी सर आणि दोन पोरी, दोन पोरं आली. वेल्डिंग केलं ते एका पोरीनं, पायात बंद बूट, हातात चामड्याचे मोजे, तोंडासमोर काळ्या काचेची ढाल. आधी ग्राइंडरनं गंज काढला, मग नुसते चार टाके मारले, फाटक उघडून-लावून बघितलं, आणि मग पक्कं केलं. सर नुसते मागं उभे. बघ्यांना मात्र तिनंच दम दिला, उजेडाकडे बघू नका, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल. मागच्या घरातल्या आजोबांनी बघितलंच. रात्रभर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून बसले.

काम झाल्यावर पोरीनं वही काढली आणि बिल केलं, 180 रुपये. आमचे हे म्हणाले, शाळेची मुलं ना तुम्ही, मग पैसे कसले? ती म्हणाली, काका, रॉड विकत आणलाय, वीज लागली, आणि मजुरी. हे म्हणाले, मजुरी कसली, शिकताय ना? तर पोरगी शांतपणे म्हणते, नीट झालं नसतं तर तुम्ही बोलला असता ना? मी आत जाऊन पैसे घेऊन आले. कालबाग सरांचं हेच होतं, गावाला लागणारं काम करायचं आणि मोल घेऊन करायचं. फुकट केलेल्या कामाला कुणी नावं ठेवत नाही, म्हणून ते सुधारतही नाही. पैसे मोजले की आमच्या ह्यांच्यासारखा माणूससुद्धा फाटक चारदा उघडून बघतो.

आता खरी गंमत सांगते, जाऊबाईंना सांगू नका मी बोलले म्हणून. त्या उडदाचे पापड करतात, 320 रुपये किलो, आणि सगळ्यांना सांगायच्या, दुप्पट सुटतात हो. त्यांचा बारक्या दहावीत. शाळेत चिक्की केली होती त्याच्या वर्गानं. पाकाचा थेंब पाण्यात टाकून टणक झाला का बघायचा, सगळं पोरांनीच. आजीला ते आवडलं नाही, पोरगा चुलीपाशी काय करतोय म्हणून. पण चिक्कीनंतर त्यांना तिचा खर्च काढायला लावतात: गूळ, दाणे, गॅस, पिशव्या, वेळ. तर हा पठ्ठ्या घरी येऊन वही घेऊन बसला आईच्या पापडांसमोर. दोन किलोचं पीठ 320. तेल, पापडखार, मिरी, हिंग, पिशव्या धरून 90. झाले 410. विकले 640 ला. राहिले 230. आई म्हणाली, बघ, सुटले की नाही? तो म्हणाला, मजुरी धरलीस का? मजुरी कसली, घरचंच तर काम. तो म्हणाला, तू आणि मावशी, दोघी साडेपाच तास. म्हणजे अकरा तास. 230 भागिले 11. तासाला 21 रुपयेसुद्धा पडत नाहीत, आई.

जाऊबाई पोळपाट तसाच ठेवून उठल्या. दुसऱ्या दिवशी भाव केला 400. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची कुरकुरत घेतात. मी पण घेते. वीस वर्षं पापड लाटतायत त्या, कुणी विचारलं नव्हतं हो, ना दिरांनी, ना बचत गटाच्या साहेबांनी. विचारलं ते नाकाखाली नुकती लव फुटलेल्या पोरानं, चिक्कीच्या धड्यावरून.

रड नाही असं नाही. शिकवणाऱ्यांचं मानधन वेळेवर येत नाही. मागच्या वर्षी विजेचे सर मधेच गेले, त्यांना बाहेर काम जास्त मिळत होतं, मग दोन महिने पोरं नुसती वायरी सोलत बसली. गुरुवारी पाऊस आला की शेतीच्या गटाची सुट्टीच. नणंदेच्या गावच्या शाळेत तर निराळीच तऱ्हा. तिथं नीती आयोगाच्या योजनेतली अटल लॅब आहे, 20 लाखांचं अनुदान असतं त्याला. रोबोटचे किट आहेत, थ्री-डी प्रिंटर आहे, आणि सगळं कपाटात कुलूपबंद, पोरांनी मोडलं तर जबाबदार कोण म्हणून. पाहुणे आले की उघडतात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे लिहिलेत. चांगलं आहे. पण दप्तर घरी ठेवून हातात काय देणार, ते कुणीतरी ठरवायला पाहिजे ना.

माझा राग मात्र यातल्या कशावर नाही. माझा राग आहे आपल्याच लोकांवर. गेल्या पालकसभेत एक बाई उठल्या, नाव नको, आपल्याच भागातल्या. म्हणाल्या, आमच्या मुलाला वेल्डर करायचं नाही, त्याला गुरुवारी क्लासला सोडा, आणि हे सगळं अभ्यासात मागं असलेल्यांना ठेवा. दहा-बारा माना हलल्या. मागच्या बाकावर वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या घरांतले पालक होते, ते खाली बघत बसले. त्यांना कळलं की कुणाबद्दल बोलणं चाललंय. हुशार पोरानं फाटक जोडलं की त्याला प्रोजेक्ट म्हणायचं आणि वीटभट्टीवाल्याच्या पोरानं जोडलं की वेल्डर, हा कुठला न्याय? ज्या दिवशी गुरुवार फक्त मागच्या बाकांचा होईल ना वहिनी, त्या दिवशी शाळा तो गुंडाळून ठेवील. मागच्या बाकांसाठी भांडायला कोण येतंय? आणि ते हिमोग्लोबिन तपासणाऱ्या दोघींमधली एक डॉक्टरांची मुलगी होती, दुसरी भट्टीवरची. आकडा दोघींचा जुळल्यावरच वहीत गेला, सांगितलं ना मघाशी.

शनिवारी चार वाजता पालकसभा आहे. त्या बाई परत उठणार, मला खात्री आहे, कारण मुख्याध्यापकांनी विषयपत्रिकेतच लिहिलंय, गुरुवार ऐच्छिक करण्याबाबत. माझा धाकटा यंदा दहावी होऊन बाहेर पडला, त्यामुळे मला आता तिथं बोलायचा हक्क नाही. तुम्हाला आहे. तुम्ही बँकेत काम करता, चार लोक तुमचं ऐकतील. तेवढं या, आणि पहिल्या बाकावर बसून बोला.