कुंचला वर्ज्य

चित्रकलेत एमएफए करणाऱ्याची दोन वर्षं स्टुडिओत जातात: कॅनव्हास ताणणं, थरावर थर देणं, जमलेलंही खरवडून काढणं. पुढे विद्यापीठात शिकवायचं, तर बहुधा नेट ही पात्रता परीक्षा गाठावी लागते. तीन तास, संगणक, 150 बहुपर्यायी प्रश्न, 300 गुण. दृश्यकलेच्या या परीक्षेत एकच गोष्ट करायला वाव नाही, ती म्हणजे चित्र काढणं. (पहिल्या 50 प्रश्नांत आकडेमोडही येते, ती रंग कालवताना कुठं लागते, हा 151वा प्रश्न.)

यावर उत्तर तयार असतं: चित्रं पाहून निवड केली, तर परीक्षकांचे भाचेच प्रतिभावान निघतील, संगणकाला भाचे नसतात. भीती खरी आहे. पण वशिला नको म्हणून कसबच मोजायचं सोडणं म्हणजे उंदीर लागतात म्हणून कणगीत धान्यच न भरणं. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगालाही ही गोम ठाऊक असावी. 2018च्या नियमावलीत नाणावलेल्या व्यावसायिक कलावंतांसाठी वेगळी वाट आहेच. म्हणजे काम बघून माणूस निवडता येतो, हे कागदोपत्री मान्य. फक्त त्यासाठी आधी नाव कमवावं लागतं, आणि नाव झाल्यावर हजेरीपट भरायला कोण येतो?