पुण्य त्यांचं, शेणखत आमचं

आमच्या दारात बारा महिने फुलं. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात सोनटक्का, थंडीत शेवंती. सदाफुली तर नावालाच जागते. जास्वंद मात्र आम्ही कळीतच बघून घेतो. पहाटे फिरायला निघालेल्या काकांच्या एका हातात आकडी असते, दुसऱ्या हातात दुधाची धुतलेली पिशवी. देव त्यांचा, शेणखत आमचं.

म्हणून यंदा ब्रह्मकमळाची कुंडी हॉलमध्येच आणली. रात्री साडेदहाला कळी हलली आणि अख्खी इमारत चपला काढून आत! कुणी हळद-कुंकू वाहिलं, कुणी सेल्फी काढला, मी अकरा कप चहा केला. हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे हो, मेक्सिकोकडचा निवडुंग आहे, असं जरा सांगून पाहिलं. काकांनी असं बघितलं, जणू मी देवघरात बूट घालून शिरलो.

सकाळी फूल मान टाकून लोंबत होतं. शेजारच्या फुलदाणीतले प्लॅस्टिकचे ट्युलिप तेवढे टवटवीत. चार वर्षं झाली, पाणी नाही, खत नाही, आठवड्याला एकदा ओलं फडकं. काकांनी ते अजून एकदाही मागितलेले नाहीत.