मुदत एक वर्ष

नोव्हेंबर लागला की आमच्या साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांच्या कानटोप्या बाहेर निघतात, आणि दहाच्या सुमाराला त्याच कानटोप्या बँकेच्या दारात रांग लावतात. आम्हा पेन्शनरांना वर्षातून एकदा, याच महिन्यात, आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. "हा काय, समोर उभा आहे की!" एवढ्यानं भागत नाही. कोषागाराकडून आलेल्या यादीत नाव शोधायचं, नावापुढं सही करायची. नाहीतर यंत्रावर अंगठा टेकायचा. मागच्या वर्षी आपल्या वरच्याच ओळीत असलेलं एखादं नाव यंदा यादीत सापडत नाही. त्यावर कुणी बोलत नाही. आपली सही मात्र जरा जास्त ठसठशीत होते.

अंगठ्याच्या सोयीचं नाव 'जीवन प्रमाण'. २०१४ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली. नाव ठेवणाऱ्याला दर्शनशास्त्राची आवड असावी. चार्वाक प्रत्यक्षाखेरीज दुसरं प्रमाण मानत नव्हता, पेन्शन खातंही मानत नाही. सरकारची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. तुम्ही जिवंत आहात का, एवढंच ते विचारतं. कशासाठी, हे विचारत नाही. अर्जात तसा एखादा रकाना असता, तर रांग संक्रांतीपर्यंत हलली नसती.

पण रकाना नसला म्हणून विषय निघायचा राहतो थोडाच? यंदा माझ्या टोकनाचा नंबर होता ४२. डग्लस अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या १९७९ सालच्या विनोदी कादंबरीत एक अजस्र संगणक जीवनाच्या अंतिम प्रश्नाचं उत्तर काढायला बसतो आणि पंचाहत्तर लाख वर्षं आकडेमोड करून सांगतो, बेचाळीस. मी ही गोष्ट शेजारच्यांना सांगितली. त्यांनी खिडकीवरच्या लाल आकड्यांकडं पाहिलं. तिथं ९ होता. "पंचाहत्तर लाख म्हणजे लवकरच म्हणायचं," ते म्हणाले.

हे शेजारी निवृत्त गणित शिक्षक. त्यांचं मत असं, की उत्तराला फार महत्त्व देऊ नये; रीत बरोबर असेल तर पायऱ्यांचे मार्क मिळतात. पलीकडं बसलेल्या तलाठी भाऊसाहेबांना हे पटलं नाही. "मास्तर, आयुष्य म्हणजे सातबारा. नाव लागतं, नाव कमी होतं. जमीन हाय तिथंच ऱ्हाती." यावर हवालदारसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांची तीस वर्षं बंदोबस्तात गेलेली. कुणीतरी मोठं येणार म्हणून उन्हात उभं राहायचं, आणि ते आलं की आपलं तोंड गर्दीकडं, पाठ त्यांच्याकडं. "एवढी मोठी माणसं येऊन गेली," ते म्हणाले, "आपण एकपण बघितलं नाही. पण आपण उभं होतो म्हणून सगळं नीट पार पडलं. आयुष्यपण तसंच असणार."

सगळ्यात कमी बोलले ते पोस्टमन. ते म्हणाले, "आमच्याकडं एकच नियम. पत्र पोचवायचं, उघडून वाचायचं नाही."

क्षणभर सगळे गप्प झाले. मग मास्तरांनी विचारलं, "आणि पोस्टकार्ड असलं तर?" पोस्टमन ओशाळून हसले. पोस्टकार्डं त्यांनी सगळी वाचली होती.

मला वाटतं, माणूस जीवनाकडं बघतो तो आपल्याच कामाच्या खिडकीतून. यात काही कमीपणा नाही, आपल्या संतांनी तेच केलं. गोरोबाकाका कुंभार होते. जमलेल्या संतांपैकी कोण पक्कं आणि कोण कच्चं हे ठरवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणलं. नामदेव कच्चे ठरले, अशी कथा आहे. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत. देव त्यांना भाजीच्या वाफ्यात भेटला. तेच थापटणं तलाठ्याच्या हाती दिलं असतं तर त्यानं आधी फेरफार पाहिला असता.

आमच्या घरी या विषयावर वेगळाच पंथ आहे. जीवन या शब्दाचा एक अर्थ पाणी, आणि राज्यात पाणीपुरवठ्याच्या योजना पाहणाऱ्या सरकारी संस्थेचं नावही महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. जीवनासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण आहे, या विचारानं मला तरुणपणी फार धीर आला होता. बायकोला तो कधीच आला नाही. तिच्या मते जीवन सकाळी सहा ते साडेसात येतं. तेवढ्या वेळात पिंप, बादल्या, घागरी भरून घेतल्या की उरलेला दिवस कुणी काय अर्थ लावावा तो लावावा.

माझं स्वतःचं मत? तिथंच तर अडचण आहे. दुसऱ्याचं माझ्याशी जुळत नाही हे एक वेळ ठीक. माझंच माझ्याशी जुळत नाही. विशीत मी फ्रेंच लेखक काम्यूचा भक्त होतो. त्यानं ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसवरचं पुस्तक १९४२ साली प्रसिद्ध केलं तेव्हा तो तिशीच्याही आत होता, आणि मी वाचलं तेव्हा मला मिशी नीट फुटली नव्हती. डोंगरावर धोंडा चढवायचा, तो गडगडत खाली यायचा, पुन्हा चढवायचा. तरीही सिसिफस सुखी आहे असं आपण मानलं पाहिजे, हा त्याचा निष्कर्ष. मी तो आईला समजावून सांगितला. ती मोरीत भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला दोन्ही वेळेला चढवावा लागायचा, का एकदाच?"

तिशीत मी गृहकर्ज काढलं आणि चार्वाकाकडं वळलो. ऋण काढा पण तूप प्या, हा त्याच्या नावावर खपणारा उपदेश मला पाठ होता. त्यातला पहिला भाग मी वीस वर्षं हप्त्यानं पाळला. कर्ज फिटलं आणि दुसऱ्या भागाची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी तूप बंद केलं. पन्नाशीत वाटू लागलं की आता काहीतरी गंभीर सुचायला हवं, कारण टॉलस्टॉयला त्याच वयाच्या आसपास हा प्रश्न छळू लागला होता. पण तोवर त्याच्या नावावर 'वॉर अँड पीस' आणि 'अ‍ॅना कॅरेनिना' जमा होत्या. माझ्या नावावर जमा होती ती अर्जित रजा. तेवढ्या भांडवलावर आध्यात्मिक संकट परवडत नाही, म्हणून मी सकाळी फिरायला जाऊ लागलो.

अडीच तासांनी ४२ लागला. खिडकीतल्या मुलीनं अंगठा घेतला, पावती छापली आणि म्हणाली, "झालं काका. आता वर्षभर बघायला नको."

"आणि गेल्या वर्षीचा दाखला?"

"तो कशाला? त्याची मुदत संपली ना."

पावती घडी घालून खिशात ठेवताना माझ्या मनात आलं, की आपले जीवनाविषयीचे वाद बहुधा याच्यामुळंच होतात. विशीतला काम्यू विशीत खरा होता, तिशीतला चार्वाकही. खोटा कुठलाच दाखला नव्हता. पण माणसं पंचवीस वर्षांपूर्वीची पावती जपून ठेवतात, ती घेऊन खिडकीवर येतात आणि चालत नाही म्हटलं की रागावतात. शिवाय दुसऱ्याच्या नावाचा दाखला आपल्याला लागू होत नाही, मग तो टॉलस्टॉयच्या नावाचा का असेना.

माझ्यामागं एक आजी होत्या. पतीच्या माघारी मिळणाऱ्या पेन्शनसाठी आलेल्या. त्यांचा अंगठा यंत्र घेईना. उजवा झाला, डावा झाला, पदराला पुसून झाला, उरलेली बोटं झाली. शेतात आणि चुलीपुढं रेषा पार झिजून गेलेल्या. मुलगी वैतागली नाही. तिनं मोबाइल आजींच्या चेहऱ्यासमोर धरला. "आजी, इकडं बघा. आता डोळे मिटा आणि उघडा."

आजींनी डोळे मिटले. जरा जास्तच वेळ. आम्ही सगळे पुढं झुकलो.

"उघडा, आजी!"

"मिटल्यावर कसं वाटतं ते बघत हुते," आजी डोळे उघडून म्हणाल्या. दाखला झाला.

तेवढ्यात तलाठी भाऊसाहेबांनी कंदी पेढ्यांचा पुडा सोडला. दरवर्षी ते पास झाल्याचे पेढे वाटतात. मास्तरांनी आजींनाही चर्चेत ओढलं. "आजी, तुम्ही सांगा. माणसानं जगायचं कशासाठी?"

आजींनी पेढा तोंडात टाकला. "मला काय ठावं बाबा? परसात आंब्याची कोय टाकलीया. वीतभर रोप आलंय. फळ धरायला सात-आठ वर्सं तरी लागत्याली." त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजी अजून आठ येळा यायचं हितं."

मास्तर गणिताचे. त्यांना राहवलं नाही. "पण आजी, कोयीच्या झाडाचा काही भरवसा नसतो. आठ वर्षं वाट बघून आंबा आंबट निघाला तर?"

आजींनी पावतीची घडी कमरेच्या चंचीत नीट सरकवली आणि मास्तरांकडं, वर्गातल्या ढ मुलाकडं बघावं तसं बघितलं.

"मग लोणचं घालायचं की!"