माप बॅनरचं

दिव्यांगांच्या शिबिरात तीनचाकी सायकल फुकट मिळते, फक्त ती घ्यायला व्यासपीठाच्या चार पायऱ्या चढाव्या लागतात. वर पाहुणे हार, नारळ आणि कॅमेऱ्यासह सज्ज! १९६८ साली जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडला, तो उकिडवं बसता यावं, शेतात अनवाणी चालता यावं म्हणून. म्हणजे माप घेतलं ते माणसाच्या जगण्याचं; आमच्याकडे माप घेतात ते बॅनरचं. चाकाची खुर्ची एकाच मापाची, इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीसाठी बेतलेली. सहा वर्षांच्या पोरीला तीच आणि साठीच्या पैलवानालाही तीच. खुर्चीच्या पाठीवर दात्याचं नाव मात्र ऐसपैस. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, असं नियमावली म्हणते. आमच्या सभागृहाचा एकास तीन आहे. ढकलायला कार्यकर्ते असतात, आणि ढकलतानाचा फोटो वेगळा निघतो.