सुभेदारांचा इजलास

आदिलशाहीच्या किश्वरखान लारीने १५६७ साली किल्ले धारूरला किल्ला बांधला, १६३१ साली मोगलांनी तो घेऊन गावाचे फत्तेहाबाद केले, आणि पुढे निजामाचा अंमल इतका दीर्घकाळ चालला की आमच्याकडील मनुष्य कचेरीत गेला म्हणजे अद्यापही आधी सलाम करतो आणि मग काम सांगतो. अशा दरबारी गावात एखाद्या कुत्र्याने आसनस्थ होऊन भोजन करावे, यात वस्तुतः नवल वाटण्याचे कारण नव्हते; तरी शेजाऱ्यांना ते वाटते.

आमचा सुभेदार हा अल्सेशियन पित्याचा आणि धारूरच्या बाजारातील एका स्वतंत्र वृत्तीच्या मातेचा पुत्र. अन्ननलिकेच्या स्नायूंनी घास आकुंचनाच्या लाटेने जठराकडे ढकलावा, हा निसर्गाचा दस्तूर. परंतु याच्या स्नायूंनी ही हमाली जन्मतःच नाकारल्यामुळे भाकरीचा काला मध्येच मुक्काम ठोकतो, आणि काही वेळाने, उलटीचा उमाळा वगैरे काही न येता, अपुऱ्या मुद्रांकाच्या अर्जासारखा जसाच्या तसा परत येतो. पशुवैद्यक याला मेगाइसोफेगस म्हणते. परभणीला बेरियम पाजून क्ष-किरण चित्र काढल्यावर डॉक्टरांनी निवाडा दिला, की स्नायू राबत नाहीत, तेव्हा गुरुत्वाकर्षणाला राबवा. म्हणजे कुत्र्याला ताठ बसवूनच भरवा, आणि नंतरही अर्धा तास तसेच बसू द्या.

परदेशात या आसनाला बेली चेअर म्हणतात. आमच्या सुताराने मात्र माप घेता घेता विचारले, "मालक, बसनार कोन म्हनलात?" आणि उत्तर ऐकून पेन्सिल कानावर ठेवून दिली. तथापि खुर्ची त्याने नामी केली: मागे उंच पाठ, पुढे पंजे ठेवण्यास फळी, गादीला जुन्या सतरंजीचे अस्तर. तीवर बसून सुभेदार ज्वारीच्या शिजवलेल्या कण्यांत कालवलेल्या खिम्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या स्वीकारतात. पाणीदेखील घट्ट करून द्यावे लागते, कारण पातळ पाणी परतताना फुप्फुसात शिरले तर न्यूमोनिया होतो, आणि तो जिवावर बेततो. या एका कलमाबाबत घरात थट्टा चालत नाही.

औषधाची कथा निराळी. अन्ननलिकेचे खालचे दार सैल व्हावे म्हणून काही श्वानांना सिल्डेनाफिल देतात, आणि या गोळीची कीर्ती तिच्या दुसऱ्या उपयोगामुळे अखिल पुरुषजातीत पसरलेली असल्याने, भर बाजारात औषधाच्या दुकानी उभे राहून "कुत्र्यासाठी हवी आहे" असे सांगणाऱ्या वयस्क गृहस्थावर विश्वास ठेवणारा मनुष्य तालुक्यात नाही. दुकानदाराने चिठ्ठी दोनदा वाचली आणि गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आवाज खाली आणून, "काका, जपून" एवढेच म्हटले.

भोजनोत्तर अर्धा तास हा खरा इजलास. या अवधीत सुभेदारांनी खाली उतरू नये म्हणून सौभाग्यवती त्यांची मान खाजवीत बसतात आणि मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. उसाचा भाव, तोड कामगारांची उचल, धरणातील पाणीसाठा, सर्व काही ते कान टवकारून ऐकतात, आणि अग्रलेख सुरू झाला की जांभई देतात. माझ्या मते त्यांची वाङ्मयीन अभिरुची निर्दोष आहे.

सायंकाळी आमच्याकडे येणाऱ्या मंडळींस विनंती, की इजलास चालू असता खुशाल बसावे, चहा मिळेल. परंतु सुभेदारांनी कितीही करुण मुद्रा केली तरी त्यांच्यापुढे जमिनीवर बिस्किट टाकू नये.