फलाट पाहिजे, बंद असला तरी चालेल

शहरातली एखादी रेल्वे लाईन बंद पडली की तिथल्या जाणत्या मंडळींची झोप उडते. एवढे रूळ, एवढा फलाट, याचं आता करायचं काय? मग समिती बसते, नकाशे निघतात, परदेश दौरा होतो आणि अहवालात दोन गोष्टी हमखास येतात: बाग आणि कॅफे. न्यूयॉर्कमध्ये मालगाड्यांची एक उंचावरची लाईन १९८० साली थांबली आणि २००९ मध्ये तिच्यावर बाग उघडली. पॅरिसने हे काम त्याआधीच, १९९३ मध्ये, उरकून घेतलं होतं. त्याच पॅरिसात १९०० साली ओर्से नावाचं देखणं स्थानक बांधलं. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले, म्हणून १९३९ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून हलवल्या आणि १९८६ मध्ये तिथे चित्रांचं संग्रहालय सुरू झालं. आपल्याकडे फलाट आखूड पडला तर मागच्या डब्यातल्या माणसाने खडीवर उडी मारायची असते. संग्रहालय वगैरे कोणाला सुचत नाही.

केशोरीत असला प्रश्न कधी पडला नाही. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं, गडचिरोलीच्या सीमेला टेकलेलं हे गाव. इथे धान होतं, मिरची होते, मोहफूल आहे, तेंदूपत्ता आहे. रेल्वे तेवढी होत नाही. चहाच्या टपरीवर ही न्यूयॉर्कची बातमी वाचून दाखवली तेव्हा एका म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली. ‘काऊन जी, गाडी बंद पाडाची म्हनलं तरी आधी आनाच लागते ना?’

मुद्दा बिनतोड होता. त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी टपरीवरच एकमताने ठराव झाला: ज्या शहराला आपला जुना फलाट जड झाला असेल त्याने तो केशोरीला द्यावा. रूळ मिळाले तर उत्तम, नसतील तरी हरकत नाही. त्याचं काय करायचं यासाठी आम्हाला समिती लागणार नाही. दौराही नको.

पहिला उपयोग अर्थात धानाचा. ज्यांनी कधी धान विकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर आधी नोंदणी, मग टोकन, मग काटा. काटा लागायच्या वेळी कळतं की बारदाना संपला. बारदाना येतो तेव्हा गोदाम भरलेलं असतं. मग धान उघड्यावर रचलं जातं, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड, आणि दगडावर सगळ्यांचा विश्वास. नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस येतो. खालचा थर भिजतो, पोत्यातल्या धानाला कोंब फुटतात, आणि पंचनामा करायला आलेला माणूस त्या कोंबाकडे असा पाहतो जणू शेतकऱ्याने मुद्दाम दुबार पेरणी केली. आता फलाट पाहा. रुळापासून पाऊण मीटरहून उंच, त्यामुळे पाणी वर चढत नाही. डोक्यावर पत्र्याचं छप्पर. खाली फरशी. वजनकाट्याला पार्सल ऑफिस. दर थोड्या अंतरावर बाक, म्हणजे टोकन घेऊन बसलेल्या शेतकऱ्याची सोय. प्रतीक्षालय तर वेगळं असतंच, आणि प्रतीक्षा हा धान विक्रीचा मुख्य भाग आहे. इतकं अचूक धान खरेदी केंद्र आजवर सरकारने मुद्दाम बांधलेलं नाही. इंग्रजांनी चुकून बांधून ठेवलं, पण दुसरीकडे.

मिरचीचंही तेच. तोडलेली मिरची सुकवायला मोकळी, कोरडी, तापणारी जागा लागते. सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, दिवसभर देठ खुडत बसणाऱ्या बायांना डोक्यावर सावली आणि प्यायला नळाचं पाणी मिळालं तर त्यांच्या आजवरच्या नोकरीतली ती सगळ्यात मोठी बढती ठरेल. फलाटावर दोन्ही असतं. शिवाय मिरचीचा ढीग मध्ये असला की शहरातून सेल्फी काढायला येणारे पाहुणे फार वेळ टिकत नाहीत, हा जास्तीचा फायदा. उरलेला कोपरा गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या मंडळींना द्यावा. स्वेटर विकायला त्यांनी तरी दर हिवाळ्यात दूरच्या शहरांचे फूटपाथ का शोधायचे?

नाटकाचा मुद्दा मात्र टपरीवर सर्वांत जास्त रंगला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, मंडई म्हटलं की रात्री नाटक आलंच, आणि नाटक म्हटलं की वडशाची कंपनी. शामियाना ठोकायचा, मंच उभारायचा, मागच्याला पुढच्याचं डोकं आड येऊ नये म्हणून जमीन खोदून उतार काढायचा, केवढा खटाटोप! फलाट आणला की मंच तयार. दोन फलाटांमधली रुळाची खोलगट जागा म्हणजे आयतं प्रेक्षागृह. घोषणा करायला ध्वनिक्षेपक आहेच. नायिका पळून जाणार असेल तर पादचारी पूल आहे. खलनायकाला येण्यासाठी वेगळं दार हवं असेल तर त्यावर ‘बाहेर’ असं आधीच लिहिलेलं आहे. आणि वेळेचं म्हणाल, तर रात्री दहाचा प्रयोग बाराला सुरू झाला तरी फलाटावर बसलेला माणूस तक्रार करत नाही. तो प्रयोग पहाटेपर्यंत चालला तरी नाही. ही सवय प्रेक्षकांना लावायला रेल्वेने पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेतली आहे.

तरुणांची मागणी वेगळी. त्यांना रुळाखालचा भराव पाहिजे, शंकरपटासाठी. सरळ, सपाट, दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतील इतका रुंद. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून पटाला पुन्हा जोर आला आहे. बैल सुटले की निदान दिसतील तरी, गाडीसारखी ‘येत आहे, येत आहे’ अशी भानगड नाही.

एवढं सगळं ठरल्यावर एका जाणकाराने खोच काढली. नियमानुसार बंद फलाट मिळवायचा असेल तर आधी लाईन मंजूर व्हावी लागते, मग ती बांधावी लागते, मग चालवावी लागते, मग तोट्यात दाखवावी लागते, आणि मग बंद. एवढा वेळ कोणाकडे आहे? पण विदर्भाने या शेवटच्या दोन पायऱ्यांत जे प्रावीण्य मिळवलंय त्याला तोड नाही. शकुंतला घ्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर, आणि तिथून पुढे अचलपूर. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही अडीच फुटी लाईन उभी केली. देश स्वतंत्र झाला तरी मालकी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेल्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत ती ओढली. संथ होती, खडखडत होती, पण गरिबाला परवडत होती. आता ती थांबली आहे आणि लोक तिच्यासाठी निवेदनं देतायत. बाग मागत नाहीत बिचारे. गाडीच मागतात. समितीच्या दृष्टीने ही कल्पकतेची कमतरताच.

नागपूर-नागभीड ही दुसरी. १०६ किलोमीटरची छोटी लाईन, वाटेत उमरेड आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीचं भिवापूर. रुंदीकरणासाठी म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात ती थांबवली. रुंदीकरण व्हायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. आमच्या वडशा-अर्जुनीवरून जाणारी गोंदिया-बल्लारशा लाईनही पूर्वी छोटीच होती, नव्वदच्या दशकात रुंद झाली आणि बरंच झालं. पण ज्या दिवशी छोटी गाडी बंद झाली त्या दिवसापासून भिवापूरच्या बाईने तेल-मीठ आणायला कशाने जायचं, याचं उत्तर कुठल्याच निविदेत नसतं. तिला संग्रहालय पाहायचं असेल तर मात्र सोय आहे. नागपुरात मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. छोटी इंजिनं छान रंगवून ठेवली आहेत. तिथवर जायला ऑटो मिळतो.

मुंबई त्याहून पुढे गेली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २०२१ मध्ये मोडीत काढलेल्या डब्याचं उपाहारगृह झालं. डबा जागचा हलत नाही आणि आत बसलेला माणूस त्याचे जास्त पैसे देतो. हलणाऱ्या डब्यात, दाराशी लोंबकळत, दोन माणसांच्या काखेत डोकं घालून जाणारा त्याहून कितीतरी कमी देतो. रेल्वेचा हिशेब यावरून समजून घ्यावा. गाडी जितकी कमी हलेल तितकी किफायतशीर.

या हिशेबाने केशोरी देशातलं सर्वांत फायदेशीर स्थानक ठरायला हवं. आमच्याकडे एकही गाडी आजवर उशिरा आलेली नाही. एकही रद्द झालेली नाही. तोटा शून्य. तरीही रेल्वेच्या एकाही अहवालात आमचं कौतुक नाही.

तर शहरवासीयांनो, विनंती एवढीच. तुमच्याकडे एखादा फलाट पडून असेल आणि कॅफेवाला अजून ठरला नसेल, तर धान निघायच्या आत कळवा. छपरासकट द्या, पत्रा गळका असला तर आम्ही डांबर लावून घेऊ. घड्याळ बंद असेल तर तसंच राहू द्या, नाटकवाल्यांना तेच हवंय. वाहतुकीचा खर्च मात्र तुमच्याकडे. आणि पाठवताना ट्रकने पाठवा, कारण मालगाडीने पाठवलात तर तो आम्हाला वडशाहून किंवा अर्जुनीहून उचलून आणावा लागेल.