साठ टक्के चढ

डोकं ठिकाणावर असलेला शेतकरी द्राक्षबाग सपाट जमिनीवर लावतो. आपल्या निफाड-दिंडोरीकडं जाऊन बघा. ट्रॅक्टर ऐसपैस फिरतोय, ठिबकच्या नळ्या अंथरल्यात आणि मालक बांधावर मोटारसायकल लावून फोनवर भाव विचारतोय. फ्रान्समध्ये लियोंच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या काठी आंपुई नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी नदीकाठची सपाट जमीन भाजीपाल्याला आणि जर्दाळूंना दिली आणि द्राक्षं नेऊन लावली डोक्यावरच्या कड्याला. हा उद्योग रोमन काळापासून चालू आहे, त्यामुळं ही कल्पना मुळात कुणाची, असं आता कुणाला खडसावून विचारताही येत नाही.

या कड्यावरच्या तांबड्या वाइनचं नाव कोत-रोती. चढ काही ठिकाणी ६० टक्क्यांच्याही वर आहे. साठ टक्के म्हटलं की माझ्या पिढीला फर्स्ट क्लास आणि पेढे आठवतात. इथं अर्थ एवढाच की शंभर फूट पुढं सरकायचं तर साठ फूट वर चढायचं. एवढ्या चढावर आपण किल्ला बांधतो, आणि तोही कुणी वर येऊ नये म्हणून.

भाचा लियोंत नोकरीला आहे. "मामा, चल, एका घरगुती बागेत माझी ओळख आहे," असं म्हणून तो आम्हा उभयतांना घेऊन गेला. घरगुती म्हणजे खरोखरच घरगुती. बाप, मुलगा, सून आणि सगळ्यांवर देखरेख करणारा एक म्हातारा कुत्रा. बाप सत्तरीचा असावा. तो खिशात हात घालून गप्पा मारत वर निघाला. त्याच्या मागोमाग मी, काही वेळ दोन पायांवर आणि नंतर चतुष्पाद अवस्थेत. पायाखाली शिस्ट दगडाच्या चपट्या कपच्या, त्या बुटाखालून सटासट सटकतात. धरायला हाताशी येतात ते लाकडी खुंट. प्रत्येक वेलीला दोन, तिरके रोवून शेंड्याशी एकत्र बांधलेले. "खुंट धरू नका, वेल हलते," असं त्या बापानं भाच्यामार्फत कळवलं. माणूस घरंगळला तर चालेल, असा त्याचा एकूण सूर होता.

ट्रॅक्टर इथं चालतच नाही. नांगर चालवायचा तर वर यंत्र बसवून दोरानं ओढतात, नाहीतर सरळ कुदळ. माती धरून ठेवायला दगडावर दगड रचून, चुना-सिमेंट न लावता बांधलेले बांध. तरी जोराचा पाऊस झाला की माती खाली यायची ती येतेच. मग? मग ती भरून पुन्हा वर न्यायची. बापानं वर नेलेली माती मुलगा पुन्हा वर नेतो, आणि याला ते लोक वारसा म्हणतात. एवढा खटाटोप कशासाठी, तर उन्हासाठी. सिरा जातीचं द्राक्ष इतक्या उत्तरेला सहजी पिकत नाही. उताराचं तोंड दक्षिण-आग्नेयेला असलं की ऊन थेट अंगावर घेता येतं, आणि पाणीही मुळाशी साचत नाही.

वारशाची दुसरी बाजू आपल्या चांगली ओळखीची आहे. नेपोलियनच्या १८०४च्या कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या बागांचे तुकडे पडत गेले. आमच्या यजमानांचीही चार ओळी इथं, सहा ओळी तिथं, मधल्या चुलतभावाच्या, अशी गत. चुलतभावाचा विषय निघाल्यावर त्यांचा चेहरा असा काही झाला, की भाच्याला भाषांतर करावंच लागलं नाही. दंतकथाही वाटणीचीच. मोजिरों नावाच्या सरदारानं आपल्या दोन मुलींना, एक सोनेरी केसांची आणि एक गडद केसांची, एकेक डोंगर दिला, म्हणून एक गोरटा उतार आणि एक सावळा. मुलींना जमीन दिली, हा भाग ऐकून आमच्या सौभाग्यवती यजमानांकडं नव्या आदरानं बघू लागल्या.

मधल्या काळात हे सगळं बुडालंच होतं. फिलॉक्सेरा किडीनं वेली खाल्ल्या, पहिल्या महायुद्धानं माणसं खाल्ली, आणि उरलेल्यांना कारखान्यातली नोकरी दिसली. तरी काही घरं चिकटून राहिली. एतिएन गिगाल नावाचा पोरगा विदाल-फ्लरी या जुन्या पेढीत कामाला लागला, १९४६मध्ये त्यानं स्वतःचं दुकान थाटलं, आणि १९८०च्या दशकात त्याच्या मुलानं ती पेढीच विकत घेतली. मराठी माणसाला धंदा जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट मला ऐकवू नये. मी फक्त सांगतोय.

मग तळघर. भाच्यानं ग्लास गोल फिरवला, डोळे मिटले आणि "व्हायोलेटची फुलं, काळे ऑलिव्ह, धुरावलेलं मांस," अशी यादी वाचली. मला द्राक्षाचा वास आला. तोही धड नाही. बायकोनं आयुष्यात वाइनला हात लावलेला नाही. तिनं नुसता ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "मिरी आहे यात. ताजी कुटलेली."

यजमान आनंदानं उभेच राहिले. कारण मिरी खरोखरच असते. काळ्या मिरीला जो वास देतं ते रोटंडोन नावाचं द्रव्य सिरा द्राक्षाच्या सालीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये ते शोधून काढलं. त्याच लोकांनी असंही दाखवलं की साधारण पाचांतल्या एकाला हा वास येतच नाही. तो एक कोण, याची चर्चा परतीच्या गाडीत पुरेशी झाली.

हेच द्राक्ष नाशिककडं शिराझ या नावानं लावतात आणि त्याची वाइन पुष्कळ स्वस्तात मिळते. रोजच्या जेवणाला तीच बरी. कोत-रोतीची बाटली महाग आहे, शिवाय ती उत्तम व्हायला काही वर्षं कपाटात ठेवावी लागते, आणि इतका संयम आमच्या घरात फक्त लोणच्याच्या बाबतीत पाळला जातो. तरी किंमत वाजवी नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सप्टेंबरात आंपुईला जावं. तेव्हा तोडणी असते, तोडणीचं यंत्र त्या चढावर जात नाही, आणि हातानं खुडायला माणसं हवीच असतात. बूट तेवढे चांगल्या पकडीचे न्या, आणि खुंट धरू नका.